रूट हिरवा, पण खात्यात पैसे नाहीत: एअरलाइन गेममधला नेहमीचा बिघाड कसा शोधायचा

हे विमान कंपनी चालवायच्या गेमबद्दल आहे. आधी लक्षणं. यातली दोन जरी तुमच्या कंपनीला जुळली तरी पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

– रूटच्या यादीत जवळपास सगळे रूट हिरवे, म्हणजे नफ्यात, दिसतात, पण रविवारी रात्रीची शिल्लक सोमवारपेक्षा कमी असते.
– विमानं नव्वद-पंचाण्णव टक्के भरून जातात आणि तरीही नवं विमान घेण्याइतके पैसे कधी साठत नाहीत.
– एकच रूट काल हिरवा, आज लाल, परवा पुन्हा हिरवा.
– सहा-आठ आठवडे छान जातात आणि मग एका दिवसात खातं रिकामं होतं.
– तोट्यातला रूट बंद केला आणि एकूण तोटा वाढला.

शेवटचं लक्षण दिसलं की लोक गेमला दोष देतात. माझ्या अनुभवात चूक बहुतेक वेळा हिशेब मांडण्यात असते.

मी कळंबोलीला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात ट्रकचे हिशेब बघते, राहते कामोठ्याला. भाच्याने हा गेम दाखवला आणि पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की हा आपल्या ओळखीचा धंदा आहे, फक्त ट्रकच्या जागी विमान आहे. आता ठाणे, नेरूळ, सीवूड्स, खारघर इथले आम्ही चौदा जण एकाच सर्व्हरवर खेळतो आणि कुणाचं खातं अडलं की तो पडद्याचे फोटो मला पाठवतो. हाच बिघाड मी इतक्यांदा उघडून बघितलाय की तपासण्यांचा क्रम आता पाठ झालाय. पहिल्या तीन तपासण्यांना पैसे लागत नाहीत आणि वेळही फार लागत नाही. त्या टाळून एकदम रूट बंद करायला जाऊ नका. प्रत्येक गेमचा पडदा वेगळा असतो, पण हिशेब सगळीकडे हाच.

पहिली तपासणी: किती दिवसांचा आकडा बघताय?

बहुतेक गेम रूटसमोर शेवटच्या फेरीचा किंवा कालच्या दिवसाचा आकडा दाखवतात. तो बघून निर्णय घेऊ नका. निदान सात दिवसांची बेरीज घ्या, जमलं तर अठ्ठावीस. आठवड्यातल्या वारांप्रमाणे मागणी बदलते, इंधनाचा भाव बदलतो, प्रतिस्पर्ध्याने दोन दिवसांसाठी दर पाडलेले असतात. नव्या रूटला तर प्रवासी जमायलाच वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यातलं लाल फारसं मनावर घ्यायचं नाही. हिरवा-लाल-हिरवा हे लक्षण दहापैकी सहा वेळा इथेच संपतं.

दुसरी तपासणी: जाणं आणि येणं वेगळं काढा

ट्रकच्या धंद्यात गाडीवाला पहिला प्रश्न विचारतो तो परतीच्या भाड्याचा. नाशिकला माल घेऊन गेलेली गाडी रिकामी परत आली, तर जातानाचं चांगलं भाडंही पुरत नाही. विमानाचंही तसंच. रूटचा लोड फॅक्टर, म्हणजे भरलेल्या सीटचं प्रमाण, ७५ टक्के दिसतो, पण आत बघितलं तर सकाळचं जाणारं विमान ९५ टक्के आणि परतीचं ५५ असतं. अशा वेळी दोन्ही बाजूंचा दर एकसारखा कमी करायचा नसतो. जाणाऱ्याचा दर वाढवायचा आणि परतीची वेळ बदलून बघायची. सकाळी साडेनऊला परत येणाऱ्या विमानात धंद्याच्या कामाला निघालेला माणूस बसतो, दुपारी अडीचला तो मिळत नाही. वेळ बदलायला बहुतेक गेममध्ये पैसे पडत नाहीत, म्हणून ही तपासणी इतक्या वर ठेवली आहे.

तिसरी तपासणी: विमान फारच भरतंय का?

सीवूड्सच्या एका मुलाने मोठ्या आनंदाने फोटो पाठवला होता: सगळ्या फेऱ्या १०० टक्के. मी त्याला लगेच दर वाढवायला सांगितलं. प्रत्येक फेरी पूर्ण भरते याचा अर्थ जास्त पैसे द्यायला तयार असलेली माणसं तुम्ही जागा नाही म्हणून परत पाठवताय, आणि जी बसली त्यांच्याकडूनही कमी घेताय. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ साली जगातल्या विमान कंपन्यांचा सरासरी लोड फॅक्टर ८३.५ टक्के होता, आणि तोही तोवरचा उच्चांक होता. म्हणजे खऱ्या कंपन्यासुद्धा सहापैकी एक सीट रिकामी ठेवून उडतात.

त्याच्या रूटवर आम्ही दर टप्प्याटप्प्याने वाढवला आणि प्रत्येक टप्प्यावर आठवडाभर थांबलो. १८० सीटचं विमान होतं.

४,००० रुपये दर, १८० प्रवासी: उत्पन्न ७,२०,०००
४,६०० रुपये दर, १६२ प्रवासी: ७,४५,२००
५,००० रुपये दर, १५० प्रवासी: ७,५०,०००
५,६०० रुपये दर, १२८ प्रवासी: ७,१६,८००

पाच हजारावर थांबलो. तीस माणसं कमी बसवून तीस हजार जास्त मिळाले, शिवाय त्या तीस माणसांचं खाणं, सामान आणि प्रवासी शुल्क वाचलं ते वेगळं. एका वेळी पाच टक्क्यांहून जास्त वाढवू नका म्हणतात. मी पंधरापर्यंत जाते, पण आठवडाभर थांबणं मात्र सोडत नाही. त्याच आठवड्यात दर बदलला, वेळ बदलली आणि जाहिरातही केली, तर फरक कशाने पडला ते कळणारच नाही.

चौथी तपासणी: रूटच्या आकड्यात लीज धरली आहे का?

इथे बहुतेकांचा बिघाड सापडतो, म्हणून इथे जरा थांबते.

रूटच्या पडद्यावर जो नफा दिसतो त्यात सहसा इंधन, कर्मचारी, लँडिंग शुल्क आणि प्रवाशांचा खर्च एवढंच वजा केलेलं असतं. विमानाची लीज, म्हणजे विमानाचं भाडं, कंपनीच्या खात्यातून वेगळी जाते, कार्यालयाचा खर्चही वेगळा, कर्जाचं व्याज तिसरीकडे. म्हणून सगळे रूट हिरवे आणि तिजोरी रिकामी. आमच्याकडे ट्रक उभा राहिला तरी हप्ता थांबत नाही, आणि कुठलाही गाडीवाला हप्ता सोडून नफा सांगत नाही. गेममध्ये हप्ता दुसऱ्या पडद्यावर असतो, म्हणून हुशार माणसंही तो विसरतात.

ठाण्याच्या एका खेळाडूचं उदाहरण घ्या. विमान १८० सीटचं, सरासरी दर ५,००० रुपये, दर फेरीला १३० प्रवासी, म्हणजे साधारण ७२ टक्के. इथे फेरी म्हणजे एका बाजूचं उड्डाण. रूटच्या पडद्यावरचा खर्च ५,४०,०००, उत्पन्न ६,५०,०००, नफा १,१०,०००. छान हिरवा. पण विमानाची लीज आठवड्याला ३७,८०,००० रुपये होती आणि तो दिवसाला चार, म्हणजे आठवड्याला २८ फेऱ्या मारत होता. प्रत्येक फेरीवर लीज पडली १,३५,०००. खरा खर्च ६,७५,००० झाला आणि १,१०,००० नफ्याच्या जागी दर फेरीला २५,००० तोटा निघाला. हा खर्च भरून काढायला १३५ प्रवासी हवेत, म्हणजे ७५ टक्के. त्याच्याकडे ७२ होते. तीन टक्क्यांसाठी तो दोन महिने बुडत होता, आणि पडदा हिरवाच होता.

आता उपाय बघा. दर वाढवायला वाव नव्हता, कारण त्या रूटवर तीन प्रतिस्पर्धी होते. विमान मात्र रात्री आठनंतर उभं असायचं. आम्ही त्याच विमानाला दुसऱ्या एका शहराच्या दोन फेऱ्या जोडल्या, जवळपास तेवढ्याच अंतराच्या आणि तशाच भरणाऱ्या. फेऱ्या झाल्या आठवड्याला ४२. लीज तेवढीच, पण आता फेरीवर फक्त ९०,००० पडली. खर्च ६,३०,०००, उत्पन्न ६,५०,०००, म्हणजे फेरीला २०,००० नफा. जुन्या रूटचा दरही बदलला नाही आणि प्रवासीही वाढले नाहीत, तरी तो तोट्यातून बाहेर आला.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, नाहीतर ही तपासणी उलटी पडेल. प्रश्न दोन असतात. ‘हे विमान ठेवावं का?’ हा पहिला. त्यात लीज धरायलाच हवी. ‘हे विमान दिल्लीला उडवावं की गोव्याला?’ हा दुसरा. त्यात लीज धरायची नाही, कारण विमान कुठेही गेलं तरी ती तेवढीच जाणार आहे. मी अशी खाती बघितली आहेत, जिथे माणसाने प्रत्येक रूटवर लीज लादली, त्यातला तोट्यातला रूट बंद केला, आणि मग ती लीज उरलेल्या रूटांवर पडून तेही लाल झाले. मग त्याने तेही बंद केले. रूटने लीज पूर्ण भरली नसेल पण निम्मी भरली असेल, तर दुसरं चांगलं काम मिळेपर्यंत तो चालू ठेवायचा. विमान उभं ठेवलं तर लीजपैकी काहीच भरलं जात नाही. ‘तोट्यातला रूट बंद केला आणि तोटा वाढला’ या लक्षणाचं अर्धं कारण हे आहे. उरलेलं अर्धं शेवटच्या तपासणीत सांगते.

पाचवी तपासणी: नफ्याला कशाने भागताय?

लोक फेरीला किती मिळाले ते बघतात. मी विचारते, तुमच्याकडे कमी काय आहे? विमानं कमी असतील तर विमानाचा तास मोजा, स्लॉट, म्हणजे विमानतळावर उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा, कमी असतील तर स्लॉट मोजा, आणि नफ्याला त्याच गोष्टीने भागा.

मुंबईहून तीन रूट घ्या: दुबई साधारण १,९३० किलोमीटर, दिल्ली १,१४० आणि गोवा सव्वाचारशे. आमच्या सर्व्हरवर, लीज न धरता, एका वारीला, म्हणजे जाऊन-येऊन, मिळणारा नफा आणि लागणारा वेळ असा होता. वेळेत दोन्ही टोकांना विमान जमिनीवर थांबतं तेही धरलं आहे.

दुबई: ८ तास ३० मिनिटं, नफा ६,८०,०००
दिल्ली: ५ तास २० मिनिटं, नफा ४,८०,०००
गोवा: ३ तास ४० मिनिटं, नफा २,७५,०००

वारीचा नफा बघितला तर दुबई पहिली. तासाने भागलं तर दुबईला तासाला ८०,०००, दिल्लीला ९०,००० आणि गोव्याला ७५,००० मिळतात. म्हणजे दिल्ली पहिली, गोवा शेवटी. इथवर बरेच जण येतात आणि सगळी विमानं दिल्लीला लावतात.

पण दिवसाचे तास ठरलेले आहेत, त्यात अर्धी वारी बसत नाही. समजा विमान दिवसाला १८ तास वापरता येतं. दिल्लीच्या तीन वाऱ्या १६ तासांत होतात आणि १४,४०,००० मिळतात. उरलेले दोन तास वाया जातात. दुबईच्या दोन वाऱ्यांना १७ तास लागतात आणि १३,६०,००० मिळतात. आता दिल्लीच्या दोन आणि गोव्याच्या दोन वाऱ्या लावून बघा: १० तास ४० मिनिटं अधिक ७ तास २० मिनिटं, बरोबर १८ तास. नफा ९,६०,००० अधिक ५,५०,०००, म्हणजे १५,१०,०००. तासाच्या हिशेबात सगळ्यात मागे असलेला गोवा आला म्हणून दिवसाचा आकडा सगळ्यात मोठा झाला. मला या गेममधली सगळ्यात आवडती गोष्ट हीच. कागदावर चौकोन आखून दिवस भरून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

जमिनीवरच्या वेळेकडेही बघा. अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीने १९७२ साली पैशांच्या अडचणीत आपल्या चारपैकी एक विमान विकलं आणि उरलेल्या तिघांत चौघांचं वेळापत्रक चालवलं. त्यासाठी विमान दहा मिनिटांत पुन्हा उडवायची पद्धत बसवली. आजच्या विमानांना दहा मिनिटं पुरणार नाहीत, आणि काही गेममध्ये वेळ फार कमी केला की उशीर वाढून कंपनीचं नाव खराब होतं. पण तुम्ही ७५ मिनिटं ठेवली असतील तर ५० करून बघा.

आता स्लॉटचं. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन असूनही एका वेळी एकच वापरता येते. खऱ्या मुंबईत स्लॉट मिळणं अवघड आहे ते यामुळे, आणि बऱ्याच गेममध्येही तिथे स्लॉट लवकर संपतात. तुमची विमानं मोकळी आहेत पण मुंबईचे स्लॉट संपलेत, अशी स्थिती असेल तर तासाचा हिशेब बाजूला ठेवा. प्रत्येक वारीला मुंबईचं एक उतरणं आणि एक उडणं लागतं, मग ती वारी दुबईची असो की गोव्याची. त्या एका जोडीवर दुबई ६,८०,००० देते आणि गोवा २,७५,०००. अशा वेळी गोवा दुसऱ्या विमानतळावर हलवायचा आणि मुंबई लांबच्या रूटना ठेवायची. तीच तीन शहरं, तेच आकडे, पण क्रम वेगळा.

सहावी तपासणी: एकदम येणारे खर्च

‘सहा-आठ आठवडे छान आणि मग एका दिवसात रिकामं’ हे लक्षण असेल तर देखभालीचा पडदा उघडा. खऱ्या विमानांची छोटी तपासणी काहीशे उड्डाण-तासांनी होते आणि सी चेक नावाची मोठी तपासणी साधारण दीड-दोन वर्षांनी. गेम हा काळ आवळून काही आठवड्यांवर आणतो आणि पैसे एकदम घेतो. उपाय सोपा: मोठ्या तपासणीची रक्कम मधल्या उड्डाण-तासांवर वाटा आणि तेवढी दर आठवड्याला बाजूला ठेवा, खात्यात दिसली तरी ती आपली नाही असं समजून. आखूड रूटवर आणखी एक गोष्ट असते. इंजिनातल्या काही भागांचं आणि चाकांच्या यंत्रणेचं आयुष्य उडण्या-उतरण्याच्या संख्येवर मोजतात. दिवसाला आठ वेळा उतरणारं विमान चार वेळा उतरणाऱ्यापेक्षा लवकर दुरुस्तीला येतं. तुमचा गेम हे धरत असेल तर गोव्याच्या तासाचा ७५,००० हा आकडा थोडा खाली आणा.

इंधनाचंही इथेच बघा. भारतीय कंपन्यांच्या खर्चात इंधनाचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के असतो, आणि आपल्याकडे विमान इंधनाचे भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलतात. त्यावर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे. महाराष्ट्राने २०२३च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. काही गेममध्येही विमानतळागणिक इंधनाचा भाव वेगळा असतो. तुमच्या गेममध्ये तसं असेल तर महागड्या टोकाला कमी भरा आणि स्वस्त टोकाला जास्त. पण जास्तीचं इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं, म्हणून लांबच्या रूटवर ही युक्ती फारशी उपयोगी नाही.

सातवी तपासणी: विमान चुकीचं आहे का?

इथून पुढे तपासणीला पैसे लागतात, कारण विमान बदलून बघायचंय. एटीआर ७२ मध्ये सत्तरच्या आसपास सीट बसतात आणि त्याचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या जवळ असतो. ए३२० मध्ये १८० सीट आणि वेग आठशेच्या वर. सव्वाचारशे किलोमीटरच्या गोव्याला हा वेगाचा फरक अर्ध्या तासाहूनही कमी पडतो, दिल्लीला तो जवळपास तासाचा होतो. म्हणून एटीआर जवळच्या आणि कमी मागणीच्या शहरांना लावायचं, लांब न्यायचं नाही. उडण्या-चढण्यात जळणारं इंधन आणि उतरण्याचं शुल्क प्रत्येक वारीला ठरलेलं असतं. रूट आखूड झाला की ते कमी किलोमीटरवर पडतं, त्यामुळे आखूड रूटवर किलोमीटरमागचा दर जास्त घ्यावाच लागतो.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आमच्यातले अर्धे जण कोकणातले. प्रत्येकाने कधी ना कधी मुंबई-सिंधुदुर्ग रूट सुरू केला आणि तोट्यात चालू ठेवला. मीही ठेवला, माझं माहेर कुडाळकडचं. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ला सुरू झाला तेव्हा घरात झालेला आनंद मला आठवतो, आणि गेमच्या नकाशावर तो ठिपका दिसला की हात थांबत नाही. पण खऱ्या जगात अशा छोट्या मार्गांच्या मागे उडान योजना आहे. या योजनेतलं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ला शिमला-दिल्ली उडालं. तासाभराच्या प्रवासाच्या तिकिटाला सुरुवातीला अडीच हजारांची मर्यादा होती, आणि कमी पडणारे पैसे सरकार भरून देतं. आपल्याकडे ८० पेक्षा कमी सीटच्या विमानांना लँडिंग शुल्कातही सूट आहे. तुमच्या गेममध्ये यातलं काही नसेल, तर ‘खऱ्या कंपन्या चालवतात म्हणजे नफा असणार’ हा हिशेब लागू पडत नाही. साडेतीनशे किलोमीटरला १८० सीटचं विमान तर मुळीच लावू नका. एटीआर लावा, दिवसाला एकच वारी ठेवा, आणि ती वारी दुसऱ्या रूटच्या उरलेल्या वेळात बसवा. माझा सिंधुदुर्ग रूट आजही चालू आहे. लीज बाजूला ठेवली तर तो स्वतःचा खर्च भरून थोडं वर देतो. मला तेवढं पुरतं.

आठवी आणि सगळ्यात अवघड तपासणी: एक रूट दुसऱ्याला काय देतो, काय घेतो

डोंबिवलीहून वाशीला जाणारा माणूस ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बरची गाडी पकडतो. ती लाइन प्रवाशांसाठी २००४ साली सुरू झाली. उद्या कुणी डोंबिवली-ठाणे गाड्या कमी केल्या तर फटका फक्त त्या पट्ट्याला बसणार नाही, ठाणे-वाशी गाड्याही रिकाम्या होतील. विमानाच्या हबमध्ये, म्हणजे प्रवासी जिथे विमान बदलतात तिथे, हेच चालतं, पण रूटचा पडदा ते दाखवत नाही.

नेरूळच्या एकाचा नागपूर रूट दिवसाला ४०,००० तोटा दाखवत होता. त्याने तो बंद केला आणि दुबई लाल झाली. तपासलं तेव्हा कळलं की नागपूरच्या विमानातले २२ प्रवासी रोज मुंबईत उतरून दुबईला जात होते. दुबईच्या तिकिटाचे १२,००० आणि त्या प्रवाशामागचा जास्तीचा खर्च २,०००, म्हणजे माणशी १०,००० उरत होते. २२ जणांचे २,२०,०००. चाळीस हजार वाचवायला त्याने दोन लाख वीस हजार सोडले होते.

पण याचा अर्थ प्रत्येक तोट्यातला रूट असाच जपायचा असा नाही. हे गणित दुबईचं विमान थोडं रिकामं असेल तरच लागू पडतं. ते आधीच भरत असेल आणि मुंबईचा प्रवासी १४,००० द्यायला तयार असेल, तर नागपूरहून आलेला प्रत्येक माणूस २,००० कमी देऊन त्याची जागा घेतो. मग ४०,००० तोट्यावर आणखी ४४,००० चढतात आणि नागपूर खरंच बंद करायला हवा. म्हणून आधी पुढच्या विमानाचा लोड बघा, मग जोडप्रवाशांची संख्या. गेम ती संख्या दाखवत नसेल तर एकच उपाय उरतो: रूट एक आठवडा बंद ठेवायचा, दुसरं काहीही बदलायचं नाही, आणि कंपनीच्या पूर्ण शिल्लकेतला फरक बघायचा. हे महाग पडतं, कारण परत सुरू केल्यावर प्रवासी पुन्हा जमवावे लागतात. त्यामुळे आधीच्या सातही तपासण्या झाल्याशिवाय इथे येऊ नका.

याची उलट बाजूही बघा. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ला प्रवासी उड्डाणं सुरू झाली तेव्हापासून आमच्या गटात प्रत्येकाला तिथून विमान उडवायचंय, आणि ते मी समजू शकते. आमच्या घराजवळचा विमानतळ आहे. पण मुंबई-दिल्ली चालू असताना नवी मुंबई-दिल्ली सुरू केली, तर काही गेम दोन्ही विमानतळांची मागणी वेगळी धरतात आणि काही एकाच भांड्यातून वाटतात. दुसऱ्या प्रकारात नवा रूट पहिल्या दिवसापासून हिरवा दिसतो, कारण त्याचे प्रवासी तुमच्याच जुन्या रूटवरून आलेले असतात. नवा रूट सुरू झाल्यावर जुन्याचे प्रवासी किती घटले ते लिहून ठेवा. नव्याचे १२० आणि जुन्याचे ९० कमी, म्हणजे खरी कमाई ३० प्रवाशांची, आणि त्यासाठी पूर्ण विमान अडकलं.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

सात दिवसांचं सगळं उत्पन्न आणि सगळा खर्च स्वतः जोडून बघा: रूट, लीज, देखभाल, पगार, व्याज, जाहिरात, नव्या विमानाची अनामत. तुमची बेरीज आणि खात्यातला बदल जुळला, तर बिघाड तुमच्या वेळापत्रकात आहे आणि वरच्या तपासण्यांत तो सापडेल. दोनदा जोडूनही जुळला नाही, तर हात लावणं थांबवा. दर बदलू नका, रूट बंद करू नका. पडद्यांचे फोटो तारीख-वेळेसह घ्या आणि गेम बनवणाऱ्यांच्या मदत विभागाला लिहा. हिशेबाची चूक त्यांच्या बाजूला असेल तर ती फक्त तेच दुरुस्त करू शकतात, आणि तुम्ही मध्ये बदल करत राहिलात तर त्यांनाही ती सापडणार नाही.

खातं सावरायला खऱ्या पैशांची नाणी विकत घ्यावीशी वाटली तर तिथेही थांबा. लीज पूर्ण न भरणारं विमान नाण्यांनी सुधारत नाही, दोन आठवडे पुढे ढकललं जातं. ‘तुमचं खातं दुरुस्त करून देतो’ म्हणून कुणी पासवर्ड किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका. दिला असेल आणि बँकेतून पैसे गेले असतील तर आधी बँकेला आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. गटातल्या लहान मुलांना हे मी दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सांगते.

आणखी एक, कारण हे गेल्या मे महिन्यात खरंच घडलं. ठाण्याच्या एका मुलाच्या काकांची सावंतवाडीला जाणारी खासगी बस आहे. दुसरी बस घ्यावी का, हे त्यांना माझ्या गेमच्या तक्त्यावरून ठरवायचं होतं. तासाचा हिशेब, परतीचं भाडं, लीज कधी धरायची आणि कधी नाही, एवढं मी त्यांना समजावलं. त्यापुढे मी नाही म्हटलं. खऱ्या बसला परमिट, विमा, कर, घसारा, कर्जाचं व्याज आणि चालकाचे कामाचे तास असतात, आणि चुकलं तर घर अडचणीत येतं. तिथे कॉस्ट अकाउंटंट किंवा सीए लागतो. जाताना निदान बारा महिन्यांची डिझेलची बिलं, टोलच्या पावत्या, हप्त्याचं पत्रक आणि प्रत्येक फेरीचे जातानाचे आणि येतानाचे प्रवासी वेगवेगळे लिहून न्या. काकांकडे जातानाचे लिहिलेले होते, येतानाचे नव्हते. त्यांनी एक गणपती आणि एक दिवाळी येतानाचे मोजायचं ठरवलं, आणि मगच अकाउंटंटकडे जाणार आहेत.